जॉर्जियाला गेलेली दिव्यानी

"तिथी नाई लिव," मनकर्णाबाई म्हणाली.

दिव्यानीचं बोट मोबाईलवर थांबलं. फॉर्ममधला प्रश्न साधा होता. आपल्याला काही आजार आहे का? जॉर्जिया नावाच्या डोंगराळ देशात दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. खेड्यांत आरोग्याचं काम करणारी निरनिराळ्या देशांची तरुण मुलंमुली तिथे येणार होती. सावली या तालुक्याच्या गावातल्या आरोग्यसंस्थेतून तिथल्या इंदुताईंनी दिव्यानीचं नाव पाठवलं होतं.

"आई, पन हे खोटं होईन."

"खरं लिवशीन त तिथीबी नेनार नाईत, अन् इथी सोयरीकबी मोडन."

दिव्यानीला सिकलसेल होता, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार; थंडीनं, दमण्यानं अंग ठणकायचं. ती पाच वर्षांची असताना नागपूरच्या दवाखान्यात कळलं. मनकर्णाबाईनं गावात कोणाला पत्ता लागू दिला नाही. पोरगी जरा अशक्त आहे, एवढंच. आणि तीच पोरगी तीन वर्षांपासून संस्थेबरोबर गावोगाव सिकलसेलच्या तपासणीला जात होती. लग्नाआधी रक्त तपासा, लपवू नका, असं पोरींना सांगत होती. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नसे. गोंडपिपरीचे पाहुणे नुकतेच बघून गेले होते. मुलगा, राजदीप, तिला आवडला होता.

तिनं 'नाही' लिहिलं.

जॉर्जियात तिला खोलीसोबतीण मिळाली ती नेपाळची. बसंती चौधरी, तिथल्या तराईच्या सखल भागातली थारू जमातीची मुलगी. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. पहिले तीन दिवस दिव्यानी हवेतच होती. गोल करून बसायचं, रंगीत कागदांवर लिहायचं, चुकलं तरी कोणी हसत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या गावचं काम मांडायचं होतं. तिनं वहीत इंग्रजी वाक्यं पाठ करायला घेतली.

चौथ्या दिवशी सगळे डोंगरावरचं जुनं चर्च बघायला चढले. वर बर्फाचा वारा होता. दिव्यानीच्या अंगात सावलीच्या बाजारातला स्वेटर. उतरताना गुडघ्यात ठणका सुरू झाला, मग कमरेत, मग छातीत. हा ठणका तिच्या ओळखीचा होता. खोलीत येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली.

"थक गयी," ती म्हणाली.

पाणी द्यायला आलेल्या बसंतीला उशाजवळ गोळ्यांचं पाकीट दिसलं. तिनं ते उचलून वाचलं.

"ये दवाई मेरा भाई भी खाता था."

त्यातल्या 'था'वर दिव्यानीनं डोळे उघडले. बसंती पलंगाच्या काठावर बसली होती आणि तिचा पाय चोळायला लागली होती.

"किसी को मत बोल," दिव्यानी म्हणाली.

"भाई भी यही बोलता था," बसंती म्हणाली आणि प्रशिक्षिकेला बोलवायला गेली.

दोन दिवस दवाखान्यात गेले. सलाईन, ऑक्सिजन. प्रशिक्षिका नीनो शेजारी खुर्ची टाकून बसायची. तिनं विचारलं, आम्हाला सांगितलं का नाहीस? दिव्यानीनं तोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं, तुम्ही मला बोलावलं नसतं.

नीनोनं तिचं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "मी तुला माझा जाड कोट दिला असता. आणि त्या डोंगरावर गाडीनं नेलं असतं."

ती रागावली असती तर दिव्यानीला सोपं गेलं असतं. ती उशीत तोंड घालून रडली.

शेवटच्या दिवशी ती खुर्चीत, नीनोचा कोट घालून बोलली. पाठ केलेली वाक्यं तिनं म्हटलीच नाहीत. "मी लोकांना सांगते, लपवू नका," ती म्हणाली. "मला स्वतःला हा आजार आहे. मी लपवला." बसंती दिव्यानीच्या मोबाईलवर चित्रण करत होती. दिव्यानीनं ते स्वतःच इंदुताईंना पाठवलं आणि खाली लिहिलं, गावातल्या ग्रुपवर टाका. पाठवल्यावर मात्र तिनं मोबाईल बंद करून कोटाच्या खिशात टाकला.

परतीत नागपूरला उतरताच राजदीपचा फोन आला; चित्रण गोंडपिपरीपर्यंत पोचलं होतं.

"माह्या घरचे नाई म्हनून राह्यले."

"अन् तुमी?"

तो म्हणाला, "पयले सांगाले पायजे होतं."

"हो," दिव्यानी म्हणाली. "पायजे होतं. तुमीबी रक्त तपासून घ्या."

सावलीच्या स्टँडवर मनकर्णाबाई आली होती. तिनं बॅग घेतली आणि घरापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. भात वाढला आणि पाठ फिरवून चुलीपाशी बसली. तीन दिवस असेच गेले. दिव्यानीला वाटलं, आई ओरडली असती तर बरं.

चौथ्या दिवशी शेजारच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात तपासणी होती. एरवी दहा-बारा जण येत. त्या दिवशी रांग गेटपर्यंत गेली होती. काही जण नुसते दिव्यानीला बघायला आले होते, हे तिला कळत होतं. ती मान खाली घालून एकेक बोट स्पिरिटनं पुसत होती, टोचत होती, थेंब घेत होती.

पुढचं बोट काळं, राठ, भाताच्या रोवणीनं चिरा पडलेलं होतं. तिनं मान वर केली. समोर आई होती. चार मैल चालत आली होती.

"पोरीत येते त मायबापातूनच येते म्हने," मनकर्णाबाई म्हणाली. "पाह्य मंग."

मागच्या बाया ऐकत होत्या. मनकर्णाबाईनं आवाज कमी केला नाही.

दिव्यानीनं सुई टोचली. घट्टे पडलेल्या कातडीतून रक्त आलं नाही.

"दुखलं का?"

"नाई," मनकर्णाबाई म्हणाली. हात तिनं तसाच पुढे धरून ठेवला. "अजून टोच."