विरुपाक्षशेट बैठक पसंत करतात

शिवानंदची दारू सुटली तर सगळ्यांत जास्त फायदा त्याच्या थोरल्या भावाचा, विरुपाक्षशेटचा होता. नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर घरचा माणूस बसणार, लग्नाकार्यात भावाला मागच्या खोलीत दडवावं लागणार नाही, आणि "शेट, धाकटे दिसत न्हाईत?" असं दात काढून विचारणाऱ्यांची तोंडं बंद होणार. भुवनेश्वरीला फक्त नवरा परत मिळणार होता. एवढ्याशा फायद्याला घरात कोण विचारतो?

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळ्यांनी अंगातली उतरेल. डोक्यातली उतरवायची तर दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला बसा, आणि लगेच बसा." शिवानंद तयार होता. पण विरुपाक्षशेट बैठका बघत हिंडायला लागले, बहिणीला स्थळ बघावं तसे. एक बैठक पेठेला फार जवळ, गिऱ्हाइकं बघतील. दुसरीत हमाल बसतात, आपल्या बरोबरीचं कुणी नाही.

"भाऊजी, तिथं सोयरीक जुळवायची न्हाई," भुवनेश्वरी म्हणाली. "त्यांना बसायचंय नुसतं."

"घराण्याचं नाव हाय, भुवना. कुणाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, ते बघाय नको?"

शेवटी जुळे सोलापुरातली एक बैठक पसंत पडली. पहिल्या दिवशी घरच्यांना बसता येत होतं, म्हणून भुवनेश्वरी गेली आणि शेटही गेले. तिथला रिवाज साधा: नाव सांगायचं, आडनाव नाही, गाव नाही, आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. एक राकट माणूस उभा राहिला. "मी जोतिराम. मी दारुडा हाय. आज प्यालो न्हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिवानंदनं मान वर केली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

चहाच्या वेळी शेट जोतिरामजवळ सरकले. "पाव्हणं कुठलं?"

बैठक चालवणारे अमरेश सर म्हणाले, "शेट, इथं ते विचारत नाहीत."

शेट हसले. मग हळूच कानडीत विचारलं, "याव ऊरप्पा?" कुठल्या गावचा, बाबा? त्या मुलखात कानडीत गाव विचारलं की माणूस घरचाच वाटतो. जोतिरामच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मंद्रूप."

शेटनी मान डोलावली. माल पारखून झाला होता.

त्याच आठवड्यात वळसंगचे हरिबा लग्नाचा बस्ता काढायला दुकानात आले. भुवनेश्वरी डबा घेऊन आली होती. साड्यांचा ढीग पडला, चहा झाला. शेटनी विचारलं, "सून कुठली?"

"मंद्रूपची. जोतिरामची ऋतुजा."

"जोतिराम? वळकतो की! आमच्या बैठकीतला माणूस. लई प्यायचा, पण आता सोडलीय बघा. सोन्यासारखा माणूस!"

शेट मनापासून कौतुक करत होते, हे खरं. गिऱ्हाईक खूश होईल, चार साड्या वाढतील, हेही खरं. हरिबांनी हातातली पैठणी घडीवर घडी घालून खाली ठेवली. "बघून येतो," म्हणाले. आले नाहीत. सोयरीक मोडली.

पुढच्या बैठकीला अमरेश सर दारातच भेटले. "आत कुणी तोंड उघडायला तयार नाही, वहिनी. तुमचे दीर परत येतील, ही भीती बसलीय. थोडे दिवस थांबा."

शिवानंद वळला आणि कोपऱ्यावरच्या परमिट रूमकडे चालायला लागला. भुवनेश्वरीनं त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. तेवढ्यात आतून जोतिराम आला. त्याचे डोळे लाल होते, पण दारूनं नव्हे.

"सर, ह्याला आत घ्या. माझ्या पोरीचं मोडलं. आता ह्यो बी माघारी गेला, तर ते सगळं फुकटच गेलं की!" मग भुवनेश्वरीकडं बघून, "वैनी, तुमचा नवरा आत बसंल. त्या शेटाला मातुर ह्या गल्लीत बी दिसू देऊ नका. मी दारू सोडलीय, हात उगारायचं न्हाय सोडलं."

शिवानंद आत गेला. भुवनेश्वरी रिक्षा करून थेट दुकानात गेली. गादीवर गिऱ्हाइकं बसली होती.

"भाऊजी, माझा नवरा दारुडा हाय. आत्ता बैठकीला बसलाय."

"हळू, हळू! गिऱ्हाईक हाय!"

"ऐकू द्या की. दुसऱ्याचं सांगताना हळू बोलला होता का? आता उठा, वळसंगला जावा. हरिबांच्या दारात उभं राहून सांगा, चूक माझी हाय म्हणून."

"मी? मी त्यांच्या दारात? अगं, मी त्याचं कौतुकच केलं होतं!"

आता जमाखर्च. शिवानंदला खुर्ची मिळाली आणि तो अजून तिच्यावर टिकून आहे. विरुपाक्षशेटचा एक बस्ता गेला आणि नाव भर दुकानात सांडलं. सगळ्यांत जास्त आपणच बुडालो, असं ते येईल त्याला सांगतात. वळसंगला अजून गेलेले नाहीत. भुवनेश्वरीनं त्यांचा डबा बंद केला, पण त्यानं काही फिटत नाही. कारण भरलं ते ऋतुजानं. ती कधी प्यायली नव्हती, बैठकीला गेली नव्हती, आणि नवी पेठेतल्या त्या दुकानाची पायरीही तिनं कधी चढलेली नव्हती.