अर्धा सूर खाली

आई गेल्यानंतर आठव्या दिवशी पियानोवाले काका आले. बारा वर्षांनी. जिना चढून धाप लागली होती, तरी बसायच्या आधी त्यांनी सवयीने पियानोचं झाकण रुमालाने पुसलं.

त्यांनी आईला सव्वीस वर्षं साथ केली. रोज सकाळी ते यायचे तेव्हा आई गरम पाण्याचा पेला धरून खिडकीपाशी उभी असायची आणि मी टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. हिच्या सुरात आणि घड्याळात फरक पडला तर घड्याळजीला बोलवा, असं काका म्हणत. आई हसायची नाही, पण त्या दिवशी जरा जास्तच चांगली गायची. देशोदेशीची सभागृहं तिच्यासाठी भरत. तिने स्वतःलाच एक अट घातली होती: पट्टी उतरवावी लागली, की त्या दिवसापासून मैफल बंद.

साठीला आल्यावर वरचे सूर तिला जड जाऊ लागले. मग एका उन्हाळ्यात गळा अचानक मोकळा झाला. लहान मुलीसारखी घरभर गात फिरायची. एकदा तिची जुनी रेकॉर्ड लावून मी सोबत पियानो वाजवायला बसले, तर दोन्ही जुळेनात. पियानो अर्धा सूर खाली होता. तारा काकाच लावत, घरच्याही आणि सभागृहातल्याही. त्यांची बोटं नेहमीच्याच जागी पडत, म्हणून आईला शंका आली नाही.

मी विचारलं, तर म्हणाले, चिमणे, तोंडाला कुलूप लाव.

दोन वर्षं लावलं. मग एका शिष्येने घसा बसला म्हणून पट्टी उतरवून मागितली. आईने तिला सगळ्यांदेखत सुनावलं, की मग बाजारात भाजी विक, तिथे कुठल्याही पट्टीत ओरडलेलं चालतं. पोरगी रडत गेली. माझ्याने राहवलं नाही.

"आई, दोन वर्षं तूही उतरवूनच गातेयस."

तिने रेकॉर्ड लावली, पियानोवर एकच सूर वाजवून पाहिला आणि झाकण बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागून आली. ठरलेल्या मैफलींना नकार कळवला, काकांना येऊ नका म्हणून निरोप दिला. ऐन बहरात थांबली म्हणून लोकांनी कौतुक केलं. मी बारा वर्षं तिच्यासोबत त्या गप्प घरात राहिले. हे आपण केलं, एवढंच मनात घोळत असायचं.

काकांचा चहा निवून गेला.

"तू बरं केलंस असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "मी केलं ते बरं होतं, असंही नाही. पण त्या दोन वर्षांत काय गायली गं ती."

मी मान हलवली. मीही ऐकलं होतं.

निघताना बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता त्यांनी विचारलं, "माझी आठवण काढायची का कधी?"

आईने बारा वर्षांत त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"काढायची की," मी म्हणाले. "तुमच्यासारखी साथ कुणाची नाही म्हणायची."

मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना मी सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला.