बोथच्या किराणा दुकानातली युद्धनौका

मी एक युद्धनौका आहे. हसू नका मित्रांनो! माझी लांबी हातभर आहे, मी पुठ्ठ्याची आहे आणि माझा मुक्काम बोथच्या एका किराणा दुकानात, हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याशेजारी आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मूर्ती लहान, कीर्ती महान, असं लोक उगीच म्हणत नाहीत. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात समुद्र नाही. युद्धनौका मात्र आहे, आणि ती मी आहे.

दुकान पंकजरावांचं. त्यांचा मोठा मुलगा पियुष नौदलात आहे. त्याचं जहाज विशाखापट्टणमहून निघालं की पुष्कळ दिवस फोन बंद असतो. मग त्याच्या आईच्या, रंजीताबाईंच्या, जिवाला घोर लागायचा. गिऱ्हाइकाने साखर मागितली तर त्या मीठ तोलायच्या. ताटावर बसायच्या आणि तशाच उठायच्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीची भीती फार मोठी असते. पियुषने पाठवलेले जहाजाचे फोटोसुद्धा त्या बघत नसत. "एवढं लोखंड पान्यावर तरतेच कसं? मले नको दाखवू," म्हणून फोन परत द्यायच्या.

धाकटी दामिनी दहावीत आहे. तिने ठरवलं, आईला फोटो नको तर जहाजच घरात आणू.

विकत काही आणायचं नाही, घरात पडलेलं वापरायचं, असं बापलेकीचं ठरलं. साबणाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे थर चिकटवून माझं अंग झालं. संपलेल्या रिफिलींच्या तोफा झाल्या, उदबत्तीच्या काड्यांची डोलकाठी झाली, गोंदात बुडवून ताठ केलेल्या दोऱ्याचा कठडा झाला. माझं रडार म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे, पण हे कोणाला सांगू नका. शटरला लावून उरलेला करडा रंग अंगावर चढला आणि माझा रुबाब काय वर्णावा!

मग समुद्र. खाली फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल, वर पातळ गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर. कागद ओला असतानाच त्याच्या लाटा उठवायच्या असतात. ते काम पंकजरावांनी घेतलं. दुकान टाकण्याआधी त्यांची उमेदीची वर्षं तलमडुगु गावच्या शेतात गेली होती. त्यांनी बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा ओढल्या, एकीला लागून एक, कुठे वाकडी नाही. फेस म्हणून दामिनीने प्रत्येक रेघेवर सारख्या अंतराने कापसाचे पुंजके लावले. निळा-हिरवा रंग आणि दाराचं उरलेलं व्हार्निश लागल्यावर समुद्र ओल्यासारखा चकाकला. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. तेलुगू बोलणारे मला 'ओडा' म्हणत, मराठी बोलणारे 'जहाज'. मला दोन्ही नावं गोड लागत.

जिच्यासाठी मी झाले, त्या माउलीने मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. झाडू मारायला आल्या की माझ्यावर रिकामं पोतं टाकायच्या, आणि ते काढायच्या नाहीत. फार वाईट वाटायचं. युद्धनौकेने पोत्याखाली राहायचं!

एकदा पियुष सुट्टीवर आला. त्याने पोतं उचललं आणि पोट धरून हसू लागला.

"बाबा, हा समुद्र हाय का पऱ्हाटीचं वावर? सऱ्या काढल्या, अन् वरतून कापूसही फुटला!"

"मंग वाकड्या काढायच्या व्हत्या का?" पंकजराव ओशाळून म्हणाले.

हसणं ऐकून रंजीताबाई भाकरीच्या पिठाने भरलेल्या हातांनी मागच्या घरातून दुकानात आल्या. "काऊन हसून राह्यला रे?"

"आई, लाटा अशा रांगेनं येत नाय ना. एक इकून येते, एक तिकून येते."

बाई वाकून त्या सऱ्यांकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "कशा येते? दाखव."

पियुषने मला उपटून बाजूला ठेवलं आणि जुन्या सऱ्यांवर नवा ओला कागद पसरला. पण त्याच्या बोटांनी कागद फाटू लागला. "सर तिकडं," म्हणत रंजीताबाईंनी रोज पीठ मळणारे आपले हात समुद्रात घातले. पियुष सांगत होता आणि त्या मुठीने दाबत, बोटांनी उचलत लाटा करत होत्या.

"तुमी जाता तिथं केवढी राह्यते?"

"याहून मोठी."

"एवढी?"

"आजून."

लाट माझ्या तोफांएवढी उंच झाली तेव्हा त्यांनी हात मागे घेतले. "मंग? मंग जहाजाचं काय व्हते?"

"काय नाय व्हत, आई. जहाज नाक वर करते, लाटेवर चढते, अन् पलीकडं उतरते. आमी आत डाळभात खात असतो."

रंजीताबाईंनी पहिल्यांदाच मला उचललं. माझं नाक वर करून मला त्या लाटेवर बसवलं आणि गोंद धरेपर्यंत अंगठ्याने दाबून ठेवलं. त्यांच्या हाताचं थोडं पीठ अजून माझ्या तळाशी आहे. असा मान कोणत्या नौकेला मिळाला असेल? दुसऱ्या दिवशी दामिनीने रंग दिला आणि कापूस फक्त लाटांच्या माथ्यावर आणि माझ्या मागे लावला.

आता पियुष पुन्हा समुद्रावर आहे आणि फोन बंद आहे. परवा दुकानातल्या टीव्हीवर वादळाची बातमी लागली. भाजीचा मळा करणाऱ्या सोजरबाई तेल घ्यायला आल्या होत्या. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "रंजीता, एवढ्या लाटेत हे बुडन ना वो?"

"नाय बुडत, मावशी. मी सोता बसवलं हाय त्याले," रंजीताबाई म्हणाल्या आणि त्यांना तेल मोजून दिलं.

तेव्हा मित्रांनो, बोथला आलात तर मला जरूर बघा, पण कठड्याला बोट लावू नका. धूळ दिसली तर ओलं फडकं न मारता कोरड्या ब्रशने अलगद झटका. तुमच्या घरात कोणी पुठ्ठ्याचं असंच काही केलं असेल, तर त्याच्या चुकांना खुशाल हसा, पण ते माळ्यावर फेकू नका. मी काही नुसती शोभेला बसलेली नाही. तिकडे पियुषचं जहाज देशाची राखण करतं, आणि इकडे त्याच्या आईला झोप लागते ती माझ्या भरवशावर.