चुन्याचे बाण

वाघदेवाच्या टेकडीवरच्या वाटेचा कमलाकरला जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या मुलांचासुद्धा नसावा. वाट त्यानेच केली होती, हे मात्र खरं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलच्या मित्रांना फिरायला घेऊन जायचं म्हणून त्याने पळस्प्याच्या पलीकडची ही टेकडी शोधली, कोयत्याने झुडपं तोडली आणि दगडांवर चुन्याचे बाण काढले. पावसाळ्यात तिथे माणूसभर गवत माजे, बाण धुऊन जात. मग दरवर्षी दसऱ्याच्या आधी कोयता आणि चुन्याची बादली घेऊन कमलाकर एकटाच जाई आणि वाट पुन्हा उघडून येई. दसऱ्याला सगळे त्याच्या मागोमाग वर चढत, वाघदेवाला नारळ फोडत आणि उतरताना त्याचं कौतुक करत.

"ऑइलपेंट लाव की, टिकेल तरी," असं एकदा कुणी सुचवलं होतं.

"दगड खराब होतात," कमलाकर म्हणाला. दगडांची त्याला एवढी काळजी कधीपासून, हे कुणी विचारलं नाही. बाण टिकले असते तर दरवर्षी कमलाकरला कोण विचारणार होतं?

मग नीता आली. बँकेत नोकरी, वय तिशीचं, बोलणं गोड. तिने ग्रुपचं फेसबुक पेज काढलं, प्लॅस्टिक उचलायची मोहीम काढली, शाळांना बोलावलं, आणि बघता बघता दर रविवारी टेकडीवर जत्रा भरू लागली. कमलाकरला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण पेपरात बातमी आली ती 'नीताताईंची वाट' म्हणून. फोटोत मधोमध नीता, आणि कडेला कमलाकरचा अर्धा कान. तो कान त्याने चष्मा लावून किती वेळा पाहिला, देव जाणे. त्या दिवसापासून नीताचं नाव निघालं की त्याला घास गोड लागेना.

त्या वर्षी पाऊस सरला तरी कोयता खुंटीवरच राहिला.

"काका, वाट कधी उघडायची? आम्ही येतो ना मदतीला," नीताचा फोन आला.

"पाठ धरलीय गं माझी. बघा तुम्हीच."

फोन ठेवला तेव्हा आशालता, त्याची बायको, समोरच भाजी निवडत होती. "पाठ कसली धरतेय? पोटात दुखतंय तुमच्या," ती म्हणाली. कमलाकरने टीव्हीचा आवाज वाढवला.

दसऱ्याच्या सकाळी त्याला घरात बसवेना. गवतात गोल गोल फिरणारी ती मंडळी, भांबावलेली नीता आणि शेवटी खिशात वाजणारा आपला फोन, हे सगळं त्याने मनात इतकं रंगवलं होतं, की रिक्षा करून तो टेकडीखालच्या गोदूबाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. फोन काही वाजेना.

"मंडळी अडकली वाटतं गवतात," तो चहा फुंकत म्हणाला.

"आडकतील कशाला?" गोदूबाई म्हणाली. "त्या बाई मना इचारत होत्या. मी बोलली, त्या गवतात कशाला शिरता? आमचे गुरांची वाट हाय ना तिकडशी. आंब्यांची सावली हाय, चढ पन नाय."

चहा निवायच्या आत वरून हसण्याचा आवाज आला. सगळे उतरले ते धाप न लागता, अगदी गुडघेदुखीवाले दयारामसुद्धा. नीता धावतच आली आणि तिने कमलाकरच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"सोनं घ्या, काका! अहो, किती सोपी वाट सापडली! गुरं रोज ये-जा करतात, म्हणून आपोआप मोकळी राहते. आता तुम्हाला दरवर्षी त्रास नको. पाठ बरी झाली की या, मी दाखवते तुम्हाला."

तिच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. असता तर कमलाकरला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

पुढच्या रविवारी तो गेला. घरी बसणं त्याहून वाईट होतं. रांगेच्या शेवटी चालत असताना एका वळणावर तो थांबला. इथूनच पलीकडे त्याचा पहिला दगड दिसायला हवा होता. त्याने मान उंच करून पाहिलं, टाचा उचलून पाहिलं. सगळीकडे गवतच होतं, आणि त्यातला कुठलाही दगड त्याला ओळखता येईना.

पुढे गेलेली एक मुलगी मागे वळून धावत त्याच्यापाशी आली. ग्रुपमध्ये ती नवीन असावी.

"काका, पहिल्यांदाच आलात का? घाबरू नका, वाट सरळ आहे," ती म्हणाली, आणि तिने आधारासाठी हात पुढे केला.

कमलाकरने तो धरला.