विंचरलेली फुगडी

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटावर, डांबरगोळ्यांच्या शेजारी एखादी काळी पिशवी पडली असेल, तर तिच्यात माझाच एखादा भाऊ झोपलेला असेल. मी जुना हँडीकॅम. मूठभर अंगाचा, एका डोळ्याचा.

दूरच्या एका कारखान्यात पांढऱ्या हातमोज्यांतल्या हातांनी माझी भिंगे बसवली. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या श्रीरंगबाबांनी मला दिल्लीच्या घरी आणले, तेव्हा त्यांची लेक रेवती पाच वर्षांची होती. पहाडगंजच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात, अगदी मागच्या रांगेतून, मी तिच्या नाकावरची पावडरसुद्धा टिपली. लोक वाहवा करत. माझे अंग गरम व्हायचे. कौतुकाने की बॅटरीने, कोण जाणे.

मग घरात फोन आले. मी पिशवीत गेलो आणि पिशवी कपाटावर. जाताना माझी बॅटरी काढून ठेवायचे कुणाला सुचले नाही. ती आतल्या आत फुगली. किती वर्षे गेली, मोजायला मला उजेडच नव्हता.

यंदा रेवतीने पिशवी उघडली. शेजारच्या सुमित्रामावशी निवृत्त होऊन रविवारी कायमच्या साताऱ्याला निघणार होत्या. इथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीत त्या आणि त्यांची मैत्रीण विनयामावशी तीस वर्षे जोडीने फुगडी खेळल्या होत्या. ती फुगडी आधी टिपून रेवतीला निरोप समारंभात दाखवायची होती.

तिचा मामेभाऊ उन्मेष दिल्लीतल्याच मुनिरकाहून मदतीला आला होता. मला पाहून तो म्हणाला, "यार, हा डबा कशाला? फोन आहे ना?"

"फोन जवळ नेला की मावशी रीलसाठी हसते," रेवती म्हणाली. "आणि लांबून झूम केला की चेहऱ्याचं पीठ होतं. हा लांब राहील. मावशी त्याला विसरून जाईल."

नवी बॅटरी मिळेना. मग माझी वायर भिंतीत खोचली आणि दावणीच्या शेळीसारखे मला खिडकीपाशी तिपाईवर बांधले. उन्मेषही फोन घेऊन उभा राहिला.

"सुमे, एकदाच हं," विनयामावशींनी पदर खोचला. "दुसऱ्यांदा म्हणालीस, तर साताऱ्याला मलाही न्यावं लागेल. उचलून."

दोघींनी हातांची अढी घातली.

दिल्लीच्या दारात लाविली केळ,
गुडघ्यांनो थांबा रे, फुगडीची वेळ.

दोघी फिरल्या. पदर फिरले, बांगड्या फिरल्या, खिडकीतले ऊन फिरले. थांबल्या तेव्हा विनयामावशी गुडघा धरून खाली बसल्या. आता पुन्हा फुगडी होणार नव्हती.

संध्याकाळी सगळे संगणकासमोर जमले. उन्मेषने फोन उभा धरला होता. त्यात एका वेळी एकच मावशी मावत होती. दुसरी कडेने येई आणि कडेनेच जाई. फुगडी एकटीची झाली होती.

माझ्या चित्रात दोघी होत्या. पण फिरत्या हातांच्या कडा फाटल्या होत्या. बारीक आडव्या रेघा, जिथे हालचाल तिथे रेघा. रेवतीचे डोळे भरले. मित्रांनो, त्या क्षणी मला पिशवीचा अंधार बरा वाटला.

सुमित्रामावशी चष्मा सावरून पुढे वाकल्या. "अगं, हे फणीचे दात आहेत. विंचरून काढा की."

"विंचरून म्हणजे?" रेवतीने विचारले.

"कंघी गं, कंघी," विनयामावशी गुडघा शेकत म्हणाल्या. "दिल्लीची पोरं."

उन्मेष हसला आणि मध्येच थांबला. "अच्छा, थांबा. हे खरंच कंघीसारखंच आहे." तो शोधत बसला आणि त्याला माझे गुपित सापडले. मी एक चित्र दोन हप्त्यांत काढतो: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या मधल्या. समोरचे स्थिर असेल तर दोन्ही अर्धे नीट जुळतात. पण फुगडी कुठली थांबते? दुसरा अर्धा येईपर्यंत हात पुढे गेलेला असतो. जुन्या टीव्हीला हे चालायचे, आजच्या पडद्याला चालत नाही. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये हे अर्धे सांधायची सोय होती. उन्मेषने ती लावली आणि कुठल्याही फोनवर उघडेल अशा साध्या एमपी-फोरमध्ये फिल्म काढली.

रेघा गेल्या. चित्र किंचित मऊ झाले, इतकेच.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये दोघी पडद्यावर फिरल्या. लिंक साताऱ्याच्या भाच्यांनाही गेली. विनयामावशी खुर्चीतून पुटपुटल्या, "बघ सुमे, माझा हात सुटला नाही." सुमित्रामावशींनी शेजारून तो हात धरला.

रेवतीने संगणकात दोन फोल्डर ठेवले आहेत. एकाचे नाव 'मूळ', दुसऱ्याचे 'विंचरलेलं'. तो शब्द आता तिचा झाला.

मित्रांनो, कॅमेरा निवडताना आधी समोर कोण आहे ते पाहा. दोघी असतील तर फोन आडवा धरा. माझ्यासारख्याला ठेवून देताना बॅटरी काढा, भिंगावर झाकण लावा. आणि जुने काही दातेरी दिसले, तर टाकून देऊ नका. आधी विंचरून पाहा.