सातवा बिंदू

तेरा ही वाईट संख्या आहे, हे येल्त्येला पदवीच्या दोन दिवस आधी कळलं. अपशकुनी म्हणून नव्हे. काही अविभाज्य संख्यांपाशी तिच्या वक्राचं समीकरण मोडतं. त्या वाईट संख्यांच्या यादीत ती तेरा घालायला विसरली होती, आणि पाच वर्षांचा प्रबंध त्याच यादीवर उभा होता.

वक्रावरच्या बिंदूंची बेरीज-वजाबाकी जिथे चालते त्या घराला जेकोबियन म्हणतात. त्या घरात परिमेय बिंदू एकोणीसच, म्हणून वक्रावर ते सहाच, असं तिने एकसष्टाव्या पानावर सिद्ध केलं होतं. सातवा सापडला गावाकडे, फ्रीसलंडमध्ये, भावाच्या गोठ्यात. दूध काढायच्या यंत्राशेजारच्या जुन्या संगणकावर तिने आठ महिन्यांपूर्वी लावलेला शोध कुणी बंदच केला नव्हता. सात आकडी अंश, सात आकडी छेद, पडद्यावर शेणाचा शिंतोडा. तो पुसून तिने बिंदू तपासला. स्वतःत कितीही वेळा मिळवा, शून्यावर परत येईना. एकोणीस कसले, अनंत!

तिला आपल्याच पुस्तकाची शिसारी आली.

"पुस्तक छापून झालंय," तिचे मार्गदर्शक रेन्सेमा सर म्हणाले. "समारंभानंतरचं चीज सांगून झालंय. तुझी मावशी कॅनडाहून आलीय."

"सर, प्रमेय खोटं आहे."

"मग विचारलं तर सांग. जाहीर परीक्षेच्या पंचेचाळीस मिनिटांत कोण विचारतंय!"

नवरीला पाठराखीण, तसा उमेदवाराला पाठराखा. भाऊ डाउवे भाड्याच्या शेपटीवाल्या कोटात तिच्याशेजारी उभा राहिला. समोर झग्यांतले सात परीक्षक, सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. पहिल्याने मुखपृष्ठाचा रंग विचारला. दुसरा अकरा मिनिटं स्वतःच्या कामावर बोलला. पुढच्या चौघांनीही असंच इकडचं तिकडचं काढलं. शेवटचे फेरमाट, ज्यांनी अहवालात चौथं प्रकरण 'निर्दोष' ठरवलं होतं, ते तोंड उघडणार एवढ्यात तीच, परीक्षकाला मारायची रिवाजातली हाक मारून, म्हणाली, "अतिविद्वान विरोधक, चौथं प्रकरण खोटं आहे. सातवा बिंदू आहे."

"उमेदवाराचा विनय पाहून गहिवरलो."

"विनय नाही हो! तेरा राहिले!"

"आत्ता तर सात म्हणालात."

ती खडू घेऊन फळ्याकडे धावली. चार आकडे झाले आणि दार उघडलं. घुंगरांची काठी आपटत दरबानबाई ओरडल्या, "वेळ झाली!" मग वाक्य अर्धंच टाकायचं, अशी रीत.

"उरलेले तीन मला पाठ आहेत," डाउवे कुजबुजला. "ओरडू?"

"गप रे."

पदवी मिळाली. वर 'आत्मटीकेच्या दुर्मीळ वृत्ती'बद्दल खास शाबासकी.

मग घामेजलेलं चीज, गार झालेले तळलेले मांसाचे गोळे, आणि प्रबंधावर सही घ्यायला रांग. येल्त्येने प्रत्येक प्रत एकसष्टाव्या पानावर उघडली, प्रमेयावर काट मारली आणि लिहिलं, 'खोटं. निदान सात आहेत.'

"अक्षर किती सुरेख!" गोळा चघळत रेन्सेमा सर म्हणाले.

"माझ्यात पण खोटं लिही हं," मावशी मागून ओरडली. ज्यांनी आधी नुसती सही घेतली होती, ते परत रांगेत आले. त्यात फेरमाटही होते.

"माझ्यात राहिलंय."

"तुम्हीच तपासलं होतंत ना?" तिने पेन त्यांच्या मोहरीची चटणी लागलेल्या बोटांत दिलं. "तुम्हीच लिहा."

काय लिहायचं ते कळावं म्हणून ते उभ्याउभ्या पान वाचू लागले. पहिल्यांदाच वाचत असावेत, कारण तिसऱ्या ओळीवर त्यांचा चेहरा नासलेलं दूध प्यायल्यासारखा झाला.