न दिलेल्या दिव्याचे आभार

टपालवाला पेटीचे दार उघडून पत्रे पिशवीत ओढत होता आणि ती त्याच्या खांद्यावरून आत डोकावत होती. करडा लिफाफा क्षणभर दिसला आणि इतर पत्रांखाली गडप झाला.

“तो करडा माझा आहे. परत द्याल का?”

“वहिनी, पेटीत पडलं की ते तुमचं नाही नि माझंही नाही. ज्याचं नाव वर, त्याचं.”

“चुकून टाकलं हो.”

“आत काही भलतंसलतं लिहिलंय?”

“नाही. फार चांगलं लिहिलंय.”

“मग घाबरताय कशाला?” असे म्हणून त्याने पिशवीचे तोंड आवळले.



लग्नात आलेल्या प्रत्येक भेटीबद्दल स्वहस्ते आभारपत्र लिहायचे, हा तिचाच हट्ट होता. छापील मजकुराखाली सही ठोकून मोकळे होणे तिला कृतघ्नपणाचे वाटे. देणाऱ्याने कोणता विचार मनात आणून ती वस्तू निवडली असेल, याचे चिंतन केल्यावाचून ती लेखणी उचलत नसे. टेबलावर ठेवायच्या दिव्यावर मात्र कोणाचेच नाव नव्हते. नवरा म्हणाला होता, “मावशीचा असणार. तिच्याकडे अगदी असाच होता.” तेवढ्या आधारावर तिने सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला पत्र लिहिले, आणि सगळ्या पत्रांत तेच सर्वांत मनासारखे उतरले. सकाळी ते पेटीत पडले. दुपारी जेवताना सासूबाई सहज बोलून गेल्या,

“ताई आली, हेच खूप. उभ्या उभ्या आली, रिकाम्या हातांनी आली, पण आली.”

हातातला घास तिने ताटात परत ठेवला होता. तशीच उठून ती पेटीकडे धावली होती.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, तेव्हा खोलीचे दार लोटून तिने त्याला सारे सांगितले.

“मी ‘असणार’ म्हणालो होतो. ‘आहे’ कुठं म्हणालो?”

“शब्दांत नको पकडूस. काही दिलं नाही म्हणून मी टोमणा मारलाय, असंच वाटेल ना त्यांना?”

त्याने चष्मा काढला आणि स्वच्छ असलेल्या काचा पुन्हा पुसल्या. “आजीच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघींचं बोलणं तुटलं. इतक्या वर्षांत आईनं पहिल्यांदा तिला बोलावलं, ते आपल्या लग्नाला. आता हे पत्र आईनंच लिहवून घेतलंय असं मावशीला वाटलं, तर संपलंच.”

“तू धीर देतोयस की होता तोही काढून घेतोयस?”

त्यानंतर दाराची घंटा वाजली की तिच्या हातातली वस्तू हातातच राही. दुसरे पत्र पाठवून क्षमा मागावी, म्हणून ती कागद घेऊन बसली. परंतु वाक्य कितीही विनयाने रचले, तरी ‘आपण काही दिले नव्हते’ हेच ते अधिक स्पष्टपणे सांगत होते. ते सारे कागद तिने फाडून टाकले. सासूबाईंना तरी सांगावे, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाई, आणि पाणी पिऊन परत येई.

एका दुपारी दार उघडले, तो समोर मावशी उभ्या. पर्स छातीशी घट्ट धरलेली.

“पत्र लिहिणारी ती तूच का?”

“हो.”

“दिवा कुठाय? बघू तरी, मी काय दिलंय ते.”

ती वाट दाखवत पुढे झाली. आवाज ऐकून सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिले नाही. मावशी दिव्यासमोर वाकल्या, त्याच्या बैठकीवरून बोटे फिरवू लागल्या. त्यांना बटण सापडेना.

“मावशी, माझं ऐकून घ्या, माझीच चूक...”

“मागे आहे, ताई,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या जुन्याचं पुढं होतं.”

खट्कन उजेड पडला. मावशींचा हात त्या उजेडात तसाच राहिला.

“अगं, पण मी हिला...”

“हिच्या डोळ्यांना फार बरं पडतं त्यानं. लग्न झाल्यापासून तुझंच नाव काढते.” सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “बैस. चहा टाकते. बिनसाखरेचाच ना अजून?”

मावशी पर्स मांडीवर ठेवून बसल्या.

“अर्धा चमचा चालतो आता,” त्या म्हणाल्या.

दिवेलागणीला त्या गेल्या. फाटकापर्यंत पोचवायला सासूबाई गेल्या, आणि पाच पावलांच्या त्या वाटेवरून परतायला त्यांना बराच वेळ लागला. आल्यावर त्यांनी आपल्या कपाटातून एक छोटा खोका काढून सुनेच्या हाती दिला.

“हा बल्ब तुझ्याजवळच ठेव. या मापाचा सगळीकडे मिळत नाही, म्हणून दिवा घेतानाच जास्तीचा...”

पुढचा शब्द त्यांनी गिळला. दोरीवरच्या चादरी ओढून त्या घड्या घालू लागल्या.

सून खोका हातात घेऊन उभी राहिली.

“आई...”

“तिनं पत्र मला काही दाखवलं नाही. पर्समध्येच ठेवलं.” चादरीची टोके जुळवण्यात त्या फारच गुंतल्या होत्या. “एवढं काय लिहिलं होतंस त्यात?”

सुनेने खोका टेबलावर ठेवला. चादरीची दुसरी दोन टोके उचलून ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“‘कागद वाचताना मी तो खिडकीशी नेऊन तिरपा धरते,’” ती म्हणू लागली. “‘हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आपण ते केव्हा पाहिलंत...’”

तिच्या हातातले एक टोक निसटले. सासूबाईंनी आपल्या हातातली टोके सोडली नाहीत.

“सावकाश सांग,” त्या म्हणाल्या. “घाई नाही.”